आगरदांड्याची जेटी आणि मेसेज क्यू

व्हायवाला एक्स्टर्नलने 'असिंक्रोनस म्हणजे काय?' असं विचारल्यावर मिळणाऱ्या उत्तरांचा संग्रह करायचा म्हटला, तर या अंकाची सगळी पानं पुरणार नाहीत. सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे, "सर, जे सिंक्रोनस नसतं ते." उत्तर चूक नाही, पण त्याला मार्कही मिळत नाहीत. त्याखालोखाल, "सर, ते बॅकग्राउंडला चालतं." हेही अर्धवटच.

गंमत अशी, की या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आपण रोज जगत असतो. मेसमध्ये, पोस्टात, मोबाईलवर, एसटी स्टँडवर. फक्त त्याला मेसेज क्यू म्हणतात हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी मूळची आगरदांड्याची. मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीवर वसलेलं गाव. समोरच्या तीरावर श्रीवर्धन तालुक्यातलं दिघी आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा. मधल्या पाण्यातून माणसं आणि गाड्या नेणारी फेरीबोट चालते, तिला आमच्याकडे 'जंगल जेटी' म्हणतात. या लेखात तुम्हाला तीच जेटी दाखवते. मग ब्रोकर, टॉपिक, ॲक्नॉलेजमेंट वगैरे जड शब्द आपोआप हलके होतील.

फोन आणि चिठ्ठी

आधी साधा फरक. फोन केला की समोरच्याने तो त्याच क्षणी उचलावा लागतो. तो अंघोळीला गेला असेल तर आपलं काम अडतं. हे झालं सिंक्रोनस. दारावर चिठ्ठी चिकटवली की आपण लेक्चरला मोकळे, रूममेट उठेल तेव्हा वाचेल. हे असिंक्रोनस. होस्टेलच्या भाषेत सांगायचं तर रेक्टर मॅडमच्या केबिनबाहेर रजेच्या अर्जावर सही मिळेपर्यंत उभं राहणं हे सिंक्रोनस, आणि बाहेरच्या पेटीत अर्ज टाकून परत येणं हे असिंक्रोनस.

सॉफ्टवेअरमध्ये हे का महत्त्वाचं? समजा तुम्ही ऑनलाइन एखादी वस्तू मागवली. ऑर्डर नोंदवणारी सिस्टिम, पैसे घेणारी, साठा बघणारी, बिल बनवणारी आणि एसएमएस पाठवणारी अशा पाच सिस्टिम एकामागोमाग एकमेकींना 'फोन' करतात असं धरा. प्रत्येक सिस्टिम १०० पैकी ९९ वेळा चालू असते. ऐकायला छान वाटतं. पण पाचही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ९५ टक्के. म्हणजे १०० पैकी ५ गिऱ्हाइकं परत जाणार, तीही कदाचित एसएमएसवाली सिस्टिम झोपली म्हणून! गिऱ्हाइकाला वस्तू हवी होती, एसएमएस दहा मिनिटं उशिरा आला असता तर त्याचं काय बिघडलं असतं?

म्हणून मध्ये एक मध्यस्थ बसवतात. तो निरोप घेतो, जपून ठेवतो आणि ज्याचा आहे त्याला पोचवतो. हा मेसेज ब्रोकर. ब्रोकर म्हणजे दलाल, हा शब्द ऐकून नाक मुरडू नका. मासळीच्या लिलावातला दलाल जसा नाखवा आणि व्यापारी या दोघांची गाठ घालतो, तसाच हा. दलालीही घेतो, पण पैशात नाही, वेळात. थेट बोलण्यापेक्षा ब्रोकरमार्फत निरोप जायला थोडा जास्त वेळ लागतो.

जेटीवरची रांग

आता चला जेटीवर. गाड्या कशाही येतात. मंगळवारी दुपारी दोन, तर मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी एकदम पन्नास. बोट मात्र तिच्याच गतीने चालते आणि तिच्यात ठरावीकच गाड्या मावतात. मग या दोन गतींचं जमवायचं कसं? उत्तर, रांग. गाडी आली, तिकीट काढलं, रांगेत लागली. बोट आली की पुढच्या गाड्या चढल्या.

गाडी आणून सोडणारा तो प्रोड्यूसर, गाडी म्हणजे मेसेज, रांग म्हणजे क्यू, बोट म्हणजे कन्झ्युमर आणि या सगळ्याची व्यवस्था ठेवणारी जेटी म्हणजे ब्रोकर. या व्यवस्थेने तीन गाठी सुटतात. पहिली वेळेची: गाडी येते तेव्हा बोट हजर असावी लागत नाही. दुसरी ओळखीची: आपल्याला कुठली बोट नेणार हे गाडीवाल्याला माहीत असण्याची गरज नाही. तिसरी गतीची: दोघांनी एकाच वेगाने काम करण्याची सक्ती नाही. परीक्षेत 'डीकपलिंग' हा शब्द लिहून पुढे काय लिहावं हे सुचत नसेल, तर या तीन ओळी लिहा.

दोन बोटी लावल्या तर रांग एकच राहते आणि काम वाटलं जातं. एक गाडी एकाच बोटीत जाते, दोन्हींत नाही. याला 'कॉम्पिटिंग कन्झ्युमर्स' म्हणतात. पण यात एक मेख आहे. पहिल्या बोटीतली गाडी दिघीला पहिली उतरेलच असं नाही. दुसऱ्या बोटीचं इंजीन चांगलं असेल तर मागची पुढे जाईल. क्रम महत्त्वाचा असेल (आधी खात्यात पैसे जमा, मग वजा), तर कन्झ्युमर वाढवण्याआधी विचार करावा लागतो.

आणि इथेच एक मोठा गैरसमज दूर करते. रांगेने बोट मोठी होत नाही! समजा तासाला सरासरी ४० गाड्या येतात आणि बोटी तासाला ३६ च नेऊ शकतात. दर तासाला ४ गाड्या मागे राहणार, १० तासांनी ४०. रांग ही गर्दीचा तात्पुरता लोंढा झेलते, कायमची कमतरता झेलत नाही. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ मध्ये यासंबंधी एक सुटसुटीत नियम सिद्ध केला. व्यवस्था स्थिर असेल तर रांगेतली सरासरी संख्या = येण्याचा सरासरी दर × थांबण्याचा सरासरी वेळ. तासाला ४० गाड्या येत असतील आणि प्रत्येकीला पाऊण तास थांबावं लागत असेल, तर रांगेत सरासरी ३० गाड्या दिसणार. तेव्हा क्यूची लांबी दिवसेंदिवस वाढत असेल तर ती सिस्टिम लोकप्रिय झाल्याची खूण समजून पेढे वाटू नका. आणखी एक बोट लावा, किंवा वरच्या नाक्यावरच गाड्या थोड्या थोपवून धरा. या थोपवण्याला 'बॅकप्रेशर' म्हणतात.

बंदरावरचा बावटा

रांगेतला प्रत्येक मेसेज एकालाच मिळतो. पण काही निरोप सगळ्यांसाठी असतात. समुद्र खवळणार असला की बंदरावर धोक्याचा बावटा लावतात. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराला कळतं. बावटा लावणाऱ्याला तो किती तांडेलांनी पाहिला हे माहीत नसतं. मच्छीमार होडी मागे फिरवतो, फेरीवाला फेऱ्या थांबवतो, आई वाळत घातलेले बोंबील आत आणते. निरोप एक, पण प्रत्येकाची कृती वेगळी.

याला म्हणतात 'पब्लिश-सबस्क्राइब'. निरोप देणारा एका विषयावर, म्हणजे टॉपिकवर, निरोप प्रसिद्ध करतो आणि त्या विषयात रस असलेले सगळे तो घेतात. उद्या नवा सबस्क्रायबर आला तरी बावटा लावणाऱ्याला काहीच बदलावं लागत नाही. ऑर्डरची सिस्टिम 'ऑर्डर आली' एवढंच जाहीर करते. बिलवाला बिल करतो, साठेवाला साठा कमी करतो आणि पुढच्या वर्षी कुणी पॉइंट देणारी स्कीम काढली तर तीही याच निरोपावर कान लावून बसते. जुन्या कोडला हात लावायची गरज नाही. ज्यांनी सीनियरचा प्रोजेक्ट पुढे नेला आहे त्यांना याचं मोल सांगायला नको.

बावट्याची मर्यादाही लक्षात घ्या. बावटा उतरवल्यावर जो बंदरात आला त्याला तो कधीच दिसत नाही. काही ब्रोकर असेच वागतात. जो त्या वेळी ऐकत होता त्यालाच मिळालं, बाकीच्यांचं गेलं. 'मी गैरहजर असलो तरी माझ्यासाठी ठेवून द्या' असं हवं असेल, तर ते वेगळं सांगावं लागतं. त्याला 'ड्युरेबल सबस्क्रिप्शन' म्हणतात.

एक टिक, दोन टिक

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आम्ही भूगोलाचा पेपर रद्द झालेली दहावीची बॅच, मी घरीच होते. दादा लॉकडाउनमुळे मुंबईत अडकलेला. दुपारी वारा सुटला, कौलं उडाली, झाडं आडवी झाली, वीज गेली आणि फोनही बंद पडले. दादा फोन लावत होता, लागत नव्हता. म्हणून तो मेसेज टाकत राहिला. प्रत्येकापुढे एकच टिक. पाचव्या दिवशी बाबांनी एका जनरेटरवर फोन चार्ज केला आणि मोटारसायकलवर बसून रेंज मिळेल तिथपर्यंत गेले. फोन खिशात थडथडायला लागला. चार-पाच दिवसांचे सगळे मेसेज एकामागून एक आले. पहिला होता 'वारा किती आहे?' आणि शेवटचा 'कुणीतरी काहीतरी लिहा.' तिकडे मुंबईत दादाच्या मोबाईलवर एका टिकच्या दोन टिक झाल्या. बाबांनी अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं, पण तो सांगतो, दुसरी टिक पाहूनच तो मटकन खाली बसला.

हा कॉम्प्युटरच्या भाषेत काय प्रकार होता ते पाहा. पहिली टिक म्हणजे 'ब्रोकरला निरोप मिळाला.' दुसरी टिक म्हणजे 'ज्याचा निरोप होता त्याच्या फोनवर पोचला.' निळी टिक म्हणजे 'त्याने वाचला.' या तीन वेगवेगळ्या पावत्या आहेत, एकीचा अर्थ दुसरीला लावायचा नाही. व्हॉट्सॲपचा सर्व्हर न पोचलेला मेसेज ३० दिवसांपर्यंत सांभाळतो आणि मग टाकून देतो. साध्या एसएमएसचंही तेच. मोबाईल कंपनीकडे एसएमएस सेंटर असतं. फोन बंद असेल तर ते मेसेज ठेवून घेतं आणि ठरावीक मुदतीपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. या पद्धतीला 'स्टोअर अँड फॉरवर्ड' आणि मुदतीला 'टाइम टू लिव्ह' म्हणतात. मुदत ठेवणं हा कंजूषपणा नाही. 'वादळ येतंय, घरात थांबा' हा निरोप पाच दिवसांनी पोचवण्यात काय अर्थ?

ब्रोकर आणि कन्झ्युमर यांच्यातही अशीच पावती असते, ती म्हणजे ॲक्नॉलेजमेंट. कन्झ्युमर मेसेज घेतो, काम करतो आणि मग 'झालं' असं कळवतो. तोपर्यंत ब्रोकर मेसेज पुसत नाही. कन्झ्युमर मध्येच बंद पडला तर तोच मेसेज दुसऱ्याला देतो. किती शहाणपणाची पद्धत! पण या शहाणपणातूनच पुढचं दुखणं येतं.

दोनदा आलेला निरोप

समजा कन्झ्युमरने काम पूर्ण केलं आणि 'झालं' म्हणायच्या आतच लाइट गेली. ब्रोकरला कळणार कसं? तो मेसेज परत देणार, आणि काम दुसऱ्यांदा होणार. इथे तीनच पर्याय आहेत. निरोप एकदाच पाठवा, हरवला तर हरवला: 'ॲट मोस्ट वन्स'. पावती येईपर्यंत पाठवत राहा, दोनदा पोचला तर पोचला: 'ॲट लीस्ट वन्स'. आणि तिसरा, सगळ्यांना हवा असलेला, नेमका एकदाच: 'एक्झॅक्टली वन्स'. तिसरा पर्याय नुसत्या नेटवर्कच्या जोरावर मिळत नाही, कारण पावतीही वाटेत हरवू शकते आणि पावतीची पावती मागायला गेलं तर त्याला अंत नाही. म्हणून व्यवहारात बहुतेक ठिकाणी दुसरा पर्याय घेतात आणि दोनदा आलेला निरोप निरुपद्रवी करतात.

निरुपद्रवी कसा करायचा? आपल्या मेसमध्ये बघा. हजेरीच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत तुमच्या नावापुढे, १२ तारखेच्या रात्रीच्या चौकोनात टिक करतात. चुकून दोनदा टिक झाली तरी जेवण एकच. दुसऱ्या पद्धतीत 'आधीच्या आकड्यात एक मिळवा' असं करतात. इथे दोनदा झालं की बिल वाढलं आणि महिनाअखेरीला मेस सेक्रेटरीशी भांडण. पहिल्या पद्धतीला 'आयडेम्पोटंट' म्हणतात. म्हणजे तीच गोष्ट कितीदाही केली तरी परिणाम एकदा केल्याइतकाच.

फी भरताना 'पैसे कापले, पण पावती नाही' हा अनुभव कुणाला नाही? घाबरून आपण पुन्हा बटण दाबतो. नीट बनवलेली सिस्टिम प्रत्येक व्यवहाराला एक स्वतंत्र क्रमांक देते आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की पैसे न कापता जुनी पावती दाखवते. तो क्रमांक म्हणजेच मेसचा चौकोन.

बंद पडलेली गाडी

कधीकधी रांगेतली पहिलीच गाडी सुरू होत नाही. ड्रायव्हर किल्ली फिरवतोय, मागचे हॉर्न वाजवतायत, बोट उभी. अशा वेळी खलाशी काय करतात? गाडी ढकलून बाजूला घेतात आणि रांग पुढे सोडतात.

क्यूमध्येही असा मेसेज येतो. तारखेच्या जागी कुणाचं तरी नाव, किंवा फाइल अर्धवट. कन्झ्युमर तो घेतो, कोसळतो, मेसेज परत रांगेत येतो, पुन्हा घेतो, पुन्हा कोसळतो. एका मेसेजपायी हजार अडतात. उपाय तोच: ठरावीक प्रयत्नांनंतर त्याला बाजूच्या वेगळ्या क्यूमध्ये ढकलायचं. तिचं नाव 'डेड लेटर क्यू'. हे नाव पोस्टातून आलं आहे. पत्ता न लागणारी पत्रं जिथे जमा होत त्या कचेरीला 'डेड लेटर ऑफिस' म्हणत. आपल्या टपाल खात्यातही ते होतं, पुढे त्याचं नाव 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' झालं. पण बाजूला घेतलेल्या गाडीकडे मेकॅनिक यायला हवा ना? डेड लेटर क्यू बनवून ती रोज न बघणं म्हणजे तक्रारपेटीला कुलूप लावून किल्ली हरवणं.

मुंबईचे रणदिवे, पुण्याच्या नारखेडे

हे सगळं परदेशी डोक्यातून आलं असं समजू नका. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे एमआयटीत शिकले. कॉम्प्युटरच्या आत वेगवेगळी कार्डं जशी एका 'बस'ला जोडलेली असतात, तशीच सॉफ्टवेअरसाठी माहितीची बस का नसावी, हा विचार त्यांनी मांडला. १९८० च्या दशकात त्यांच्या टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीने 'द इन्फर्मेशन बस' नावाचं सॉफ्टवेअर बनवलं आणि ते अमेरिकेतल्या शेअर व्यवहारांच्या दालनांत पोचलं. भाव बदलला की ज्या ज्या पडद्याला तो हवा आहे तिथे आपोआप जाणार. म्हणजे आपला बावटाच! १९९४ मध्ये रॉयटर्सने ती कंपनी घेतली आणि १९९७ मध्ये रणदिवेंनी टिबको सुरू केली.

मधल्या काळात, १९९३ मध्ये, आयबीएमने एमक्यू सीरिज आणलं. ते आजही बँकांमध्ये आहे. २००३ मध्ये जेपी मॉर्गन बँकेतल्या जॉन ओहारा यांनी सर्वांसाठी खुला असा एएमक्यूपी प्रोटोकॉल आखायला घेतला, आणि २००७ मध्ये त्यावर चालणारा रॅबिटएमक्यू आला. तो एरलँग भाषेत लिहिलेला आहे. एरिक्सनने टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेली ही भाषा. व्हॉट्सॲपचा सर्व्हरही याच भाषेत आहे, हा योगायोग नाही.

आणि मग काफ्का. पुण्यात वाढलेल्या, तिथल्याच पीआयसीटी कॉलेजमधून इंजिनिअर झालेल्या नेहा नारखेडे पुढे लिंक्डइनमध्ये काम करत होत्या. तिथे माहिती देणाऱ्या सिस्टिम अनेक आणि घेणाऱ्याही अनेक. १० देणारे आणि १० घेणारे एकमेकांना थेट जोडायचे तर १०० तारा. मध्ये ब्रोकर ठेवला तर २०. पण त्या काळच्या ब्रोकरांना लिंक्डइनचा लोंढा झेपेना. जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी मिळून काफ्का बनवलं आणि २०११ मध्ये ते ओपन सोर्स झालं. तिघांनी २०१४ मध्ये कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली, ती २०२१ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात गेली.

काफ्काची युक्ती समजायला आपल्या ऑफिसातलं आवक-जावक रजिस्टर आठवा. आलेलं प्रत्येक पत्र पुढच्या क्रमांकावर नोंदवायचं. मधे घुसवायचं नाही, खोडायचं नाही. अकाउंट्सचे क्लार्क ३१२ नंबरपर्यंत वाचून गेले, परीक्षा विभाग अजून २९० वर आहे. प्रत्येकाने आपली खूण आपण ठेवायची. रजिस्टरला त्याची फिकीर नाही. काफ्कात मेसेज वाचल्यावर पुसला जात नाही, ठरवलेली मुदत संपेपर्यंत तसाच राहतो. वाचणाऱ्याच्या खुणेला 'ऑफसेट' म्हणतात. चूक झाली तर खूण मागे न्या आणि पुन्हा वाचा. काम फार वाढलं तर एकाऐवजी चार रजिस्टरं करायची, त्यांना 'पार्टिशन' म्हणतात. क्रमाची हमी मात्र एका रजिस्टरापुरतीच. म्हणून एका विद्यार्थ्याची सगळी पत्रं एकाच रजिस्टरात जातील अशी सोय करायची.

'सक्सेस' म्हणजे काय झालं?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. आमच्या विंगमधल्या एका मुलीने गेल्या वर्षी एका शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरला. पडद्यावर हिरव्या अक्षरात 'सक्सेस' आलं. ती निश्चिंत मनाने घरी गेली. यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. चौकशीत कळलं की तिचा अर्ज नोंदवला गेला होता, पण पुढे तपासणीत तिची एक स्कॅन केलेली फाइल उघडेना, आणि अर्ज बाजूला पडला. कुणी तिला कळवलं नाही. तोवर मुदत संपली होती. तिच्या वडिलांनी वर्षाची फी भरायला कर्ज काढलं.

तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर सिस्टिम बंद पडली नव्हती. रांग चालू होती, अर्ज पुढे सरकत होते, बिघडलेला अर्ज शिस्तीत बाजूला घेतला होता. चुकला तो एक शब्द. 'अर्ज मिळाला' म्हणायच्या जागी 'सक्सेस' म्हटलं. एका टिकला निळी टिक म्हणून दाखवलं. तिकीट हातात आलं म्हणजे दिघी आली असं होत नाही, हे जेटीवरचं शेंबडं पोरही सांगेल!

असिंक्रोनस पद्धतीची खरी किंमत ही आहे. फोनवर 'हो' किंवा 'नाही' लगेच कळतं. चिठ्ठी टाकली की मधे एक काळ असा जातो, ज्यात काम झालेलंही नसतं आणि फसलेलंही नसतं. तो काळ वापरणाऱ्यापासून लपवायचा नाही. 'अर्ज मिळाला, क्रमांक अमुक, तपासणी बाकी' असं सांगायचं. तपासणी झाली की कळवायचं, फसली तर ते तर आधी कळवायचं. क्यू टाकणं हे दोन दिवसांचं काम आहे, ही पावत्यांची साखळी नीट बांधणं हे खरं इंजिनिअरिंग.

करून पाहा

दोन लॅपटॉप, होस्टेलचं वायफाय आणि एक रविवार पुरे. एका लॅपटॉपवर रॅबिटएमक्यू टाका. प्रोग्राम ५६७२ पोर्टवर बोलतात. मॅनेजमेंट प्लगइन चालू केलं की ब्राउझरमध्ये १५६७२ पोर्टवर क्यूची लांबी दिसते. बाहेरच्या लॅपटॉपसाठी वेगळं युजरनेम बनवावं लागेल, कारण 'गेस्ट' हा युजर त्याच मशीनवरून चालतो.

पहिला प्रयोग: कन्झ्युमर बंद ठेवून दहा मेसेज पाठवा. क्यूची लांबी १० दिसेल. मग कन्झ्युमर सुरू करा आणि ती शून्य होताना पाहा. दुसरा: ॲक्नॉलेजमेंट हाताने द्यायची ठेवा, आणि ती देण्याआधी कन्झ्युमर बंद करा. मेसेज परत येईल, आणि पुढच्या वेळी त्यावर 'रिडिलिव्हर्ड' अशी खूण असेल. तिसरा: क्यू ड्युरेबल ठेवा, पण मेसेज परसिस्टंट न करता पाठवा आणि ब्रोकर रीस्टार्ट करा. साध्या क्लासिक क्यूमध्ये रांग राहील, मेसेज गेलेले असतील. जेटी वाचली, गाड्या वाहून गेल्या! हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'ड्युरेबल' आणि 'परसिस्टंट' यांतला फरक जन्मात विसरणार नाही.

जाता जाता फायनल इयरवाल्यांना एक विनंती. दिवसाला वीस अर्ज येणाऱ्या लायब्ररी प्रोजेक्टला काफ्का लावू नका. तिथे डेटाबेसमधलं एक टेबल पुरतं. उत्तर लगेच हवं असेल, म्हणजे पासवर्ड बरोबर आहे का, सीट शिल्लक आहे का, तिथेही रांग नको, सरळ फोन करा. आणि ब्रोकर लावलाच, तर तो स्वतः बंद पडला तर काय, याचं उत्तर तयार ठेवा. बावटा लागला की जेटीही बंद असते.

एक्स्टर्नलने विचारलं तर मात्र 'जे सिंक्रोनस नाही ते' असं सांगू नका. सांगा, "सर, निरोप देणारा आणि घेणारा एकाच वेळी हजर नसले तरी काम होतं ते. फक्त निरोप मिळाला आणि काम झालं, या दोन वेगळ्या पावत्या असतात." मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तर तो तुमच्या नशिबाचा भाग!